‘शंभर टक्के नैसर्गिक’ डबा पारखून घेण्याची कृती

ज्या ‘हर्बल’ पावडरीने पंधरा दिवसांत शर्टाच्या बाह्या घट्ट होतात, ती पावडर आधी बाजूला ठेवायची. या सगळ्या कृतीचा पाया एवढाच आहे. तो उलटा वाटतो, कारण जिममध्ये डबा विकला जातो तो ‘रिझल्ट’वर. ट्रेनर सांगतो, आपल्याच एका पोराने घेतला, महिन्यात आठ किलो वाढला. ऐकणारा खूश होतो, आणि नेमकं तिथेच त्याने सावध व्हायला हवं. व्यायाम नुकताच सुरू केलेल्या तरुण मुलाचे स्नायू, खाणं आणि झोप जागेवर असेल तर, महिन्याला साधारण अर्धा ते एक किलो वाढतात. त्यापुढे काट्यावर जे दिसतं ते पाणी असतं, चरबी असते, नाहीतर डब्यात गुपचूप टाकलेलं औषध असतं.

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात भेसळीचे म्हणून नोंदवलेले पूरक आहाराचे ७७६ प्रकार संशोधकांनी पुढे तपासले. त्यांतले ९२ स्नायू वाढवण्यासाठी विकले जात होते आणि त्या ९२ पैकी ८२ मध्ये कृत्रिम स्टेरॉइड किंवा त्याची भावंडं होती. आपल्याकडे याच जातीचा दुसरा प्रकार चालतो: वजन वाढवणारी, भूक लावणारी सुटी चूर्णं. अशा चूर्णांत डेक्सामेथासोन आणि सायप्रोहेप्टाडिन ही दोन ॲलोपॅथीची औषधं मिसळलेली सापडली आहेत. पहिल्याने अंगात पाणी धरतं आणि चेहरा गोल होतो. दुसरं मुळात ॲलर्जीचं औषध, त्याने सपाटून भूक लागते आणि दुपारी डोळे मिटायला लागतात. घरच्यांना वाटतं, पोरगं बाळसं धरतंय.

म्हणून ही दहा आठवड्यांची कृती. पहिले दोन आठवडे डबा विकतच आणायचा नाही.

साहित्य

ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा. शिंप्याकडची टेप. दोनशे पानी वही. एका चांगल्या लॅबमधल्या रक्ततपासणीचे पैसे. डब्याच्या किमतीतून ते आधीच बाजूला काढा. आणि रोज सात-आठ तास झोप, ती नसेल तर बाकीचं साहित्य जमवूच नका.

१. आधी ताट मोजा

सात दिवस जे खाल ते मोजून लिहा. अंदाजाने लिहू नका, कारण ‘मी भरपूर खातो’ म्हणणाऱ्याच्या वहीत प्रथिनं फार थोडी निघतात.

किती लागतात? आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेलं प्रमाण साध्या माणसासाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे. वजनं उचलणाऱ्याला जास्त लागतात. २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास फायदा थांबलेला दिसला. त्याच्या वर खाल्लेल्या प्रथिनांनी स्नायू फारसे वाढत नाहीत, महिन्याचं बिल वाढतं. म्हणजे ६५ किलोच्या मुलाला दिवसाला १०४ ग्रॅम.

आता आपल्या घरातलं साधं शाकाहारी ताट पाहू. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे, ६ ग्रॅम. दिवसभरातला दोन-तीन कप चहा, त्यातलं दूध धरून ३. दुपारी तीन चपात्या ९, वाटीभर वरण ६, भात ५, भाजी २. रात्री ज्वारीच्या दोन दणकट भाकरी १२, पिठलं ६, वाटीभर दही ३. बेरीज ५२. पोट तट्ट भरलेलं आणि गरजेच्या निम्मंच पदरात पडलेलं. जिममधला अर्धा वेळ ‘अंगावर काही लागत नाही’ या तक्रारीत जातो, तिचं उत्तर बहुधा या बेरजेत सापडतं.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र ही १.६ ची बेरीज डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायची नाही. मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांनी आधी क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्यावीत.

२. तूट खुराकाने भरा

तालमीत याला खुराक म्हणतात, आणि वस्ताद लोक त्याचा हिशेब वहीशिवाय ठेवत आले आहेत: दूध, बदाम घोटून केलेली थंडाई, अंडी, मटण. पैलवानाचा खुराक जिमवाल्याने जसाच्या तसा उचलू नये. तो दिवसाला शेकड्याने जोर-बैठका मारणाऱ्याच्या अंगाला लागतो, संध्याकाळी पाऊण तास डंबेल्स उचलणाऱ्याच्या पोटाला लागतो.

आपल्या ५२ ग्रॅमच्या तुटीसाठी रोजचा एक पेला असा करा. सालासकट फुटाणे मिक्सरवर बारीक दळून चाळून ठेवा. शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजा, पण भाजण्याआधी निवडा: सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा वास येणारा प्रत्येक दाणा फेकून द्या. अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष अशाच दाण्यांत असतं आणि भाजल्याने ते पुरतं जात नाही. हे निवडणं कंटाळवाणं आहे, तरी चुकवू नका. दाण्यांचा कूट करा. पेल्यात ४० ग्रॅम फुटाण्याचं पीठ आणि २० ग्रॅम कूट घ्या, आधी थोड्या गार दुधात गुठळ्या मोडून घ्या आणि मग म्हशीचं एकूण २५० मिलिलिटर दूध होईल इतकं ओता. चिमूटभर मीठ, वेलची, आणि वजन वाढवायचं असेल तर एक केळं. सगळे मिळून प्रथिनं २२ ग्रॅमच्या घरात जातात आणि सध्याच्या बाजारभावाने तीसेक रुपयांच्या आत काम होतं. गरम दुधात पीठ टाकलंत तर त्याची लापशी होते, म्हणून गारच. पहिल्या चार दिवसांत पोट गुरगुरतं. तेव्हा पीठ निम्मं घ्या आणि आठवड्याभरात पूर्ण मापावर या.

उरलेली तीसेक ग्रॅम कुठून आणायची हे घरावर अवलंबून आहे. तीन अंडी म्हणजे १८ ग्रॅम आणि वाटीभर मोडाची मटकी ८. अंडी चालत नसतील तर १०० ग्रॅम पनीर १८ किंवा ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स १५. कोकणातल्या घराला तर काही सांगायलाच नको, सुक्या बोंबलाच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग प्रथिनांचा असतो. फक्त त्यातलं मीठ लक्षात ठेवा. सगळं एकाच वेळी न खाता तीन-चार जेवणांत वाटून खा. व्यायामानंतर अर्ध्या तासात शेकर रिकामा झालाच पाहिजे, ही धावपळ मात्र करू नका. दिवसाची बेरीज जमली की काम झालं.

आयसीएमआरच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांमध्येही शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, असंच सांगितलं आहे. मला ते जरा सरसकट वाटतं. सकाळी सहाची लोकल पकडून रात्री दहाला घरी येणाऱ्या माणसाला एक स्कूप सोयीचा पडू शकतो. पण सोय हे एक कारण आणि गरज हे दुसरं.

३. रक्त द्या, पण कोणत्या दिवशी ते पाहून

डबा तोंडाला लागण्याआधीचा रिपोर्ट हातात नसेल तर पुढे काही बिघडलं तेव्हा कशामुळे बिघडलं ते कुणालाच सांगता येणार नाही. यादी छोटी आहे: एसजीपीटी, एसजीओटी, जीजीटी, बिलिरुबिन, क्रिएटिनिन, टीएसएच, उपाशीपोटी साखर.

इथे एक मेख आहे. एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताची चाचणी म्हणून ओळखली जाते, पण ही दोन्ही स्नायूंतही असतात. पायांचा कसून व्यायाम केल्यानंतर ती रक्तात उतरतात आणि बरेच दिवस चढलेली राहतात. सोमवारी स्क्वॉट्स मारून मंगळवारी रक्त दिलं की धडधाकट मुलाचाही रिपोर्ट लाल येतो, घरात रडारड होते आणि निष्पाप डब्यावर आळ येतो. म्हणून तपासणीआधी आठवडाभर जड व्यायाम बंद ठेवा. जीजीटी यादीत आहे ते याचसाठी: ते स्नायूंतून येत नाही. एसजीपीटी वाढलेलं आणि जीजीटी व बिलिरुबिन जागच्या जागी, असं असेल तर संशय आधी स्क्वॉट्सवर घ्या.

४. डबा हातात घेऊन उलटा करा

पुढच्या बाजूला सिंह, दंड आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असतं. ते वाचायचं नाही. मागची बाजू वाचा.

पहिल्यांदा पाहा, हा डबा कायद्याच्या कोणत्या घरातला आहे. आरोग्यपूरक म्हणून विकला जाणारा डबा अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या ताब्यात येतो. त्यावर १४ आकडी परवाना क्रमांक असतो, आणि तो औषध म्हणून वापरायचा नाही असंही छापावं लागतं. आयुर्वेदिक औषध म्हणून विकलेल्या डब्यावर त्या औषधाच्या उत्पादनाचा परवाना क्रमांक लागतो. १४ आकडी क्रमांक एफएसएसएआयच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो: कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना जिवंत आहे की नाही, सगळं दिसतं. आयात डब्यावर आयातदाराचं नाव आणि त्याचा परवाना हवाच. दोन्हीपैकी कोणताच क्रमांक नसेल तर पुढच्या पायऱ्या वाचू नका, डबा परत करा. परवाना असणं म्हणजे माल उत्तम असणं नव्हे. बिघडलं तर दार कुणाचं ठोठवायचं, एवढंच त्याने कळतं.

मग आकडे. समजा स्कूप ३३ ग्रॅमचा आणि त्यात २४ ग्रॅम प्रथिनं लिहिली आहेत. भागाकार करा: ७३ टक्के. व्हे कॉन्सन्ट्रेटला हे शोभतं, कारण त्यात साधारण ७० ते ८० टक्के प्रथिनं असतात. कॉन्सन्ट्रेट म्हणवणारा डबा ३० ग्रॅममध्ये २७ देतो म्हणाला तर कुणीतरी थापा मारतंय. मास गेनरचा डबा असेल तर कर्बोदकांची ओळ आधी वाचा: १०० ग्रॅममध्ये ७०-७५ ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन आणि पंधरा-वीस ग्रॅम प्रथिनं. म्हणजे सुंदर डब्यातली महागडी साखर.

थापा पचतात कशा, तेही पाहून घ्या. प्रथिनं मोजण्याची नेहमीची पद्धत नायट्रोजन मोजते आणि त्याला ठरावीक आकड्याने गुणते. नायट्रोजन कुठून आला, हे ती विचारत नाही. त्यामुळे ग्लायसिन, टॉरिन यांसारखी स्वस्त अमिनो आम्लं मिसळली की कागदावरची प्रथिनं फुगतात. घटकांच्या यादीत ही नावं दिसतात का ते बघा. ल्युसिनचा आकडा छापला असेल तर तोही बघा: व्हेमध्ये प्रथिनांच्या दहा टक्क्यांच्या आसपास ल्युसिन असतं, म्हणजे २४ ग्रॅमला जवळजवळ अडीच ग्रॅम. दीडच असेल तर उरलेलं काय आहे ते विचारा. केरळमधल्या डॉक्टरांच्या गटाने भारतात विकले जाणारे ३६ प्रथिनांचे डबे तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांतल्या २५ डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा खोटा निघाला, काहींत लिहिलेल्याच्या निम्मीच प्रथिनं होती. सुमारे १४ टक्के डब्यांत अफ्लाटॉक्सिन सापडलं. शेंगदाणे निवडण्याचा कंटाळा करणाऱ्याने हा आकडा पाहावा आणि मग डब्यातला दाणा कुणी निवडला असेल याचा विचार करावा.

हर्बल डब्यात सगळ्यात वाईट ओळ म्हणजे ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’. बारा वनस्पती मिळून १२०० मिलिग्रॅम. कोणती किती, ते गुलदस्त्यात. अकरा वनस्पती चिमूटभर आणि बारावी स्वस्तातली असली तरी तो छापील मजकूर खोटा ठरत नाही. प्रत्येक वनस्पतीचं नाव, तिचा कोणता भाग आणि किती मिलिग्रॅम, या तिन्ही गोष्टी वेगळ्या लिहिलेल्या नसतील तर घेऊ नका.

शेवटी बॅच नंबर. कंपनीकडे त्याच बॅचचा, एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागा. संकेतस्थळावर दोन वर्षांपूर्वीचा एकच रिपोर्ट सगळ्या डब्यांसाठी टांगलेला असेल तर तो शोभेचा. वनस्पतीजन्य औषधांसाठी जड धातूंची कमाल मर्यादा अशी धरतात: शिसं १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. शिलाजितासाठी हा रिपोर्ट नसेल तर विषय संपला. तो खडकातून पाझरतो आणि खडकात जे असेल ते घेऊन येतो.

घरगुती चाचण्यांचे व्हिडिओ फार फिरतात. पावडर जाळून पाहा, पाण्यात विरघळवा, त्यात बेटाडिनचे थेंब टाका. त्यांतली आयोडिनची एकटीच थोडी कामाची: काळी-निळी छटा आली तर पिठाची भेसळ आहे. पण छटा आली नाही म्हणून डबा शुद्ध ठरत नाही, माल्टोडेक्स्ट्रिन तिला सहसा हुलकावणी देतं. आणि स्टेरॉइड तर कोणत्याच घरगुती चाचणीत दिसत नाही.

५. डब्यात काय आहे ते पारखा

क्रिएटिनपासून सुरू करतो, कारण पुरावा सगळ्यात भक्कम त्याचा आहे. मांसात आणि मासळीत ते असतं, आपलं शरीरही बनवतं. डब्यातलं मात्र कारखान्यात रसायनांपासून तयार होतं, आणि त्यात काही बिघडत नाही. सगळ्यांत जास्त अभ्यासलेली आणि निरोगी माणसासाठी सगळ्यांत सुरक्षित ठरलेली पावडर ‘नैसर्गिक’च्या रांगेत बसतच नाही, ही गंमत जिममध्ये कुणी सांगत नाही. रोज ३ ते ५ ग्रॅम, काट्यावर मोजून, पाण्यात किंवा ताकात. पहिल्या आठवड्यात रोज २० ग्रॅमचं ‘लोडिंग’ करायची गरज नाही. त्याने फळ थोडं लवकर मिळतं आणि पोट बिघडू शकतं. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्या, रंगीत नावांचे महाग प्रकार नकोत. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत साठा मुळात कमी असतो, म्हणून त्याला फरक जास्त जाणवतो. सुरुवातीला किलो-दीड किलो वजन वाढतं ते स्नायूंत शिरलेलं पाणी, वहीत तसंच लिहा. रक्तातलं क्रिएटिनिनही थोडं वर जातं आणि मूत्रपिंड बिघडल्याचा भास होतो. डॉक्टरांना क्रिएटिन घेतोय हे आधी सांगा. शंका राहिलीच तर सिस्टॅटिन सी ही चाचणी क्रिएटिनने फसत नाही.

अश्वगंधा. इथे काहीतरी आहे, पण जपून. २०१५ मध्ये छापलेल्या एका भारतीय प्रयोगात ५७ पुरुषांना आठ आठवडे व्यायाम दिला. निम्म्यांना मुळाचा अर्क, ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. निम्म्यांना नुसती खोटी गोळी. अर्कवाल्यांचं बेंच प्रेस सरासरी ४६ किलोने वाढलं. जाहिरातीत हा आकडा असतो. खोटी गोळी घेतलेल्यांचंही २६ किलोने वाढलं, तो नसतो. नवशिक्याला पहिल्या दोन महिन्यांत नुसत्या व्यायामाने किती मिळतं, ते त्या दुसऱ्या आकड्यात आहे.

तिची दुसरी बाजूही खरी आहे. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत, बहुतेक सुरू केल्यापासून दोन ते बारा आठवड्यांतल्या: खाज, कावीळ. थायरॉइडची संप्रेरकं ती वाढवू शकते. गरोदरपणात नको, थायरॉइडच्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असताना नको. डेन्मार्कने २०२३ मध्ये खाद्यपदार्थांत तिच्यावर बंदीच घातली. आपल्या आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पानं न वापरता मुळंच वापरायला सांगितलं. म्हणून लेबलवर ‘मूळ’ हा शब्द शोधा.

‘आपली घरची वनस्पती, तिने काय होणार’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. करोनाच्या पहिल्या वर्षी गुळवेलीचा काढा घरोघर उकळत होता, तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी तो घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला झालेली इजा २०२१ मध्ये नोंदवली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली आणि वाद झडला. पण कावीळ झालेल्या माणसाला ‘काही झाडपाल्याचं घेताय का’ हे विचारायची सवय डॉक्टरांना तेव्हापासून जास्त लागली.

गोखरूबद्दल लवकर आटोपतो. बल्गेरियन वेटलिफ्टरांच्या नावाने त्याचा गाजावाजा झाला, पण तयार खेळाडूंवरच्या चाचण्यांत त्याने टेस्टोस्टेरॉनही वाढलं नाही आणि ताकदही. सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव बोरिवलीवरून पडलं आहे, हे मुंबईकरांना सुखावेल; तिच्याने माणसाचे स्नायू वाढतात याचा पुरावा मात्र जवळजवळ नाही. खाजकुयलीच्या बियांत, म्हणजे कौंच बीजात, लेव्होडोपा हे खरंखुरं औषध असतं: कंपवाताच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या घेणाऱ्याने त्याला हातही लावू नये. बीसीएए ही सुटी अमिनो आम्लं, ज्याची प्रथिनांची बेरीज जमली आहे त्याला ती कशालाच नकोत.

६. एका वेळी एकच, आठ आठवडे

दोन आठवडे झाले, ताटाची वही भरली, खुराक अंगवळणी पडला, रिपोर्ट स्वच्छ आला. आता एकच डबा. क्रिएटिन आणि अश्वगंधा एकदम सुरू केली तर फायदाही कुणाचा आणि त्रासही कुणाचा, कळायचं नाही. चहा, कॉफी, व्यायामाचा तक्ता (तपासणीआधीचा आराम सोडून), झोप यांत या आठ आठवड्यांत काही बदलू नका. ‘प्री-वर्कआउट’ची पुडी तर मुळीच नको, तिच्यातलं कॅफिन सगळा हिशेब गढूळ करतं.

वहीत चार ओळी पुरतात. वजन: रोज सकाळी शौचानंतर, आठवड्याची सरासरी काढून. टेप: दंड, मांडी, कंबर, दर रविवारी एकाच जागी, दंडावर पेनाने खूण करून मोजलंत तर बरं, नाहीतर मन टेपला सैल किंवा घट्ट करतं. ताकद: एकच ठरलेला व्यायाम, तेच वजन, किती वेळा जमलं. चौथी ओळ झोप, पोट आणि मन कसं आहे त्याची. कंबर दंडापेक्षा जास्त वेगाने वाढत असेल तर जे वाढतंय ते स्नायू नव्हेत.

चौथ्या आठवड्यात, पुन्हा व्यायामाला आठवडाभर आराम देऊन, यकृताच्या चाचण्या परत करा. हर्बल डबा असेल तर हे सोडू नका. आठव्या आठवड्यात संपूर्ण यादी. मग महिनाभर डबा बंद ठेवून वही चालू ठेवा. बंद केल्यावर ताकद तशीच चढत राहिली तर तो डबा तुमच्या कामाचा नव्हता, व्यायाम कामाचा होता.

अठरा वर्षांखालच्या मुलांनी ही सहावी पायरी करू नये. त्यांच्यासाठी पहिल्या दोनच पुरेशा आहेत.

७. कुठे थांबायचं

लघवी चहासारखी गडद होणं, डोळे पिवळे पडणं, पुरळ नसताना अंगभर खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं, भूक मरणं: त्याच दिवशी डबा बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. अंग मोडून काढणाऱ्या व्यायामानंतर लघवी कोकमासारखी लालसर-तपकिरी आली आणि स्नायू दगडासारखे ताठले तर उद्यावर ढकलू नका, रात्र असली तरी रुग्णालय गाठा. स्नायू फुटून मूत्रपिंडावर भार आलेला असू शकतो.

पाठीवर अचानक उठलेली मुरुमं, छातीची बोंडं हुळहुळणं किंवा सुजणं, अंडकोष लहान झाल्यासारखे वाटणं, मुलीचा आवाज घोगरा होणं, ही डब्यात स्टेरॉइड असल्याची लक्षणं आहेत. लाजेपायी मुलं ती लपवतात. आईबापांनी ओरडण्याआधी विचारावं.

आणि भूक लावणारं ते चूर्ण कुणी महिनोन् महिने घेत असेल तर ते एकदम तोडू नका. त्यात डेक्सामेथासोन असेल तर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं आणि अचानक थांबवल्याने माणूस कोसळू शकतो. चूर्णासकट डॉक्टरांकडे जा, ते मात्रा हळूहळू उतरवतील.

८. स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी वेगळं

कुस्ती, कबड्डी, ॲथलेटिक्समध्ये जिल्ह्याच्या वर जायचं असेल तर वरची सगळी काळजी अपुरी आहे. उत्तेजकविरोधी नियमांत खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला जबाबदार खेळाडूच. ‘डब्यावर लिहिलं नव्हतं’ म्हणून सहसा सुटका होत नाही. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकआधीच्या चाचणीत मेथॅन्डिएनोन या स्टेरॉइडसाठी दोषी आढळले. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळलं, असं त्यांचं म्हणणं होतं. देशातल्या समितीने ते मानलं, क्रीडा लवादाने मानलं नाही आणि ४ वर्षांची बंदी आली.

काही बंदी असलेली द्रव्यं तर खरोखरच झाडांत असतात. हायजेनामाइन हे त्यांतलं एक; ‘वनस्पतीजन्य’ म्हणून ते डब्यात येतं आणि खेळाडूला घरी बसवतं. घ्यायचंच असेल तर प्रत्येक बॅच उत्तेजकांसाठी तपासणारं इन्फॉर्म्ड स्पोर्टसारखं प्रमाणपत्र असलेलं घ्या, त्या बॅचचा नंबर संकेतस्थळावर जुळवा आणि त्या बॅचचा थोडा माल न उघडता ठेवा.

९. डबा आणि बिल जपा

डबा संपला तरी आठवा आठवडा आणि शेवटचा रिपोर्ट होईपर्यंत फेकू नका. त्रास झाला तर उरलेली पावडर दुसऱ्या बरणीत ओतू नका, त्याच डब्यात, झाकण चिकटपट्टीने बंद करून, कोरड्या जागी ठेवा. लेबल, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख यांचे फोटो काढा. बिल हवंच, ट्रेनरने हातात दिलेल्या डब्याचं बिल मिळत नाही, म्हणून तो डबा घेऊच नये. अन्नाच्या परवान्याचा डबा असेल तर तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा एफएसएसएआयच्या ॲपवर करायची. आयुर्वेदिक औषध असेल तर त्याच प्रशासनाच्या औषध विभागाकडे, आणि शरीराला झालेल्या त्रासाची नोंद डॉक्टरांकरवी औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाकडे. फसवणूक पैशांचीच असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीत ‘पावडर खराब आहे’ एवढंच लिहू नका: कोणत्या तारखेला सुरू केली, रोज किती ग्रॅम, त्रास कितव्या दिवशी, आधीचा आणि नंतरचा एसजीपीटी किती. वहीच्या त्या पानांची झेरॉक्स सोबत जोडा आणि मूळ वही स्वतःकडे ठेवा.